खांद्याचाच तुकडा!

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या माझ्या भाच्याने पहिल्या मेजवानीला डुकराच्या पाठीचे मांस आणले. महाग, गुलाबी, चरबीचा लवलेश नसलेले! सहा तास मंद आचेवर ठेवले आणि हाती आले सुतळीसारखे कोरडे तंतू. पाहुण्यांनी तो भरलेला पाव पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. भाचेसून रडकुंडीला आली.

शेजारच्या म्हातारबुवांनी मग वर्म सांगितले. घ्यायचा तो खांदा! ज्या स्नायूंवर जनावराचा भार पडतो ते चिवट असतात, कारण त्यांत कोलॅजन भरपूर. मंद आचेवर त्याचेच जिलेटिन होते आणि मांस रसरशीत राहते. पाठीला श्रम कमी. तिथे विरघळणार काय? खांद्याच्या वरच्या भागाला तिकडे ‘बॉस्टन बट’ म्हणतात. नावावर जाऊन मागचा भाग मागाल, तर फसाल!

तुकडा हाडासकट, आत चरबीच्या पांढऱ्या रेषा असलेला पाहावा. आतली उष्णता ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली, की हाड आपसूक सुटते. मग काट्याने मांस उसवायचे. त्या राज्याच्या पूर्वभागात अख्खे डुक्कर भाजण्याची रीत आहे, लेक्सिंग्टनकडे मात्र खांदाच.

दुसऱ्या मेजवानीत भाच्याच्या वाट्याला नुसते हाड आले.