अंगावरून वारं गेल्यानंतरचे दिवस

आपल्या भागात लकवा झाला असं म्हणणारे कमी. "अंगावरून वारं गेलं" असंच म्हणतात. वारं म्हटलं की ते बाहेरून कुठून तरी आलं आणि कुणी जाणत्यानं उतरवलं की उतरेल, असं मनात बसतं. मग एक दिवस अंगाऱ्यात जातो, दुसरा तेल चोळण्यात, तिसरा कुठल्या तरी गावचं औषध आणण्यात. पारव्याचं रक्त चोळा म्हणून सांगणारेही आम्हाला भेटले आहेत. खरी गोष्ट साधी आहे. मेंदूला रक्त नेणारी एखादी नळी गुठळीनं बंद पडते, नाहीतर फुटते, आणि तेवढा मेंदूचा भाग रक्ताविना मरू लागतो. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं, उजव्याला झाली की डावं. बहुतेक वेळा मागे वाढलेलं बीपी असतं, साखर असते, तंबाखू-बिडी असते. बाहेरचं कुणी यात नसतं.

तोंड वाकडं झालं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी 108 ला फोन करा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. आष्टीच्या माणसाला नगर जवळ, परळी-धारूर-केजच्या माणसाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, गेवराईकडच्यांना बीड नाहीतर संभाजीनगरची घाटी. कुठं जायचं आणि तिथं सीटी स्कॅनची सोय चालू आहे का, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. वाटेत तोंडात पाणी घालू नका, बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

एवढं आता पुष्कळांना माहीत झालं आहे. माहीत नसतं ते नंतरचं.

केज तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही मागच्या हंगामात जात होतो. आमच्यात दोघी निवृत्त सिस्टर, एक आशाताई आणि गाडी चालवणारा एक भाऊ. साठी ओलांडलेल्या एक आजी, उजवं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं. आठव्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा नाकात नळी, खाली लघवीची पिशवी, हातात गोळ्यांची थैली, आणि "घरी न्या, काळजी घ्या" एवढं एक वाक्य. काळजी म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या घरात कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. मुलानं आणि सुनेनं दसऱ्याच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतलेली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सून मागं राहिली तर कोयता अर्धा होतो, खाडे पडतात, आणि उचल पुढच्या वर्षावर चढते. घरात उरली ती नववीतली नात.

बीड जिल्ह्यात हे एका घराचं दुखणं नाही. दिवाळीच्या पुढं वस्त्या रिकाम्या होतात आणि मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. लेकरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांची योजना आली, चांगलं झालं. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी तसं काहीच आमच्या पाहण्यात आलेलं नाही. ती जबाबदारी न सांगता घरातल्या मुलीवर येते आणि शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव नुसतं राहतं.

पहिल्या दिवशी आम्ही आजींना कुशीवर वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा डाग. गोऱ्या कातडीवर असा डाग लाल दिसतो, पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही. आजूबाजूपेक्षा काळसर किंवा जांभळट दिसतो, हाताला गरम नाहीतर टणक लागतो. दिसण्यावर विसंबू नका, हात लावून पाहा. बोट दाबून सोडल्यावर रंग पालटत नसेल तर आतलं मांस दबायला लागलं असं समजा. त्या जागेवर चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, रबराची गोल रिंग खाली द्यायची नाही. रिंगेमुळं कडेचं रक्त अडतं आणि जखम वाढते. उपाय एकच, त्या जागेवरचा भार काढणं.

दर दोन तासांनी कूस बदलायची. उताणं, मग धड बाजू, मग लकव्याची बाजू. लकव्याच्या बाजूवर झोपवायला लोक भितात, पण खांदा थोडा पुढं ओढून घेतला तर ती बाजूही चालते. पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते. दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली गोधडी. चादरीला सुरकुती नको, खाली भाकरीचा तुकडा नको, अंग ओलं नको. हवेची गादी मिळाली तर घ्या, पण गादी आली म्हणून कूस बदलणं थांबवू नका. आम्ही नातीला भिंतीवर खडूनं घड्याळ काढून दिलं. ज्या वेळी जी कूस, तिथं खूण. रात्रीसाठी शेजारच्या दोघी बायका आळीपाळीनं तयार झाल्या. त्या कामाला त्यांना कुणी पैसे दिले नाहीत, आणि असं काम फुकट होतं म्हणूनच ते कुणाला दिसत नाही, हे आम्हाला खटकत राहिलं.

हाताबद्दल एक गोष्ट घरोघर सांगावी लागते. लकव्याच्या माणसाला उठवताना त्याच बाजूचा हात धरून ओढतात. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, त्यामुळं हाड खोबणीतून खाली उतरतं आणि पुढं महिनोन् महिने खांदा ठणकतो. उठवायचं ते पाठीमागून, खांद्याच्या पात्याखाली हात घालून. बसवल्यावर तो हात मांडीवरच्या उशीवर ठेवा, लोंबकळू देऊ नका. दिवसातून दोन-तीनदा खांदा, कोपर, मनगट, बोटं, गुडघा, घोटा सावकाश हलवा. दुखेल इतकं ताणू नका. सांधे आखडले तर पुढं शक्ती परत आली तरी ती वापरता येत नाही.

घासाचं प्रकरण सगळ्यांत धोक्याचं. लकव्यात गिळण्याचे स्नायूही लुळे पडतात आणि पाणी अन्ननळीऐवजी श्वासनळीत उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि लकव्यातून वाचलेली कितीतरी माणसं त्यानं दगावतात. पाणी पिताना ठसका लागला, पिऊन झाल्यावर आवाज घोगरा, ओला झाला, तर तोंडानं देणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नळी असेल तर खाट डोक्याकडून उंच करून, थोडं थोडं, कोमट पातळ अन्न द्या, आणि नंतर अर्धा तास झोपवू नका. आधी नळीवरची खूण जागेवर आहे का पाहा. सरकली असेल तर काही घालू नका, सिस्टरला बोलवा. तोंडानं चालू करायचं सांगितलं की ताठ बसवून, हनुवटी किंचित छातीकडं, चमच्या-चमच्यानं, धड बाजूच्या गालात. पाण्यापेक्षा दाट पेज गिळायला सोपी जाते. जेवणानंतर लकव्याच्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो, बोट फडक्यात गुंडाळून तो काढा. नाकात नळी असली तरी दात आणि जीभ रोज पुसायचीच.

लघवीची पिशवी कंबरेच्या खाली राहावी, पण जमिनीला टेकू नये. आजींची पिशवी खाटेवर शेजारीच ठेवलेली होती, "सांडंल म्हणून". पिशवी वर ठेवली की लघवी उलटी आत जाते.

आजींची सून जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, "सिस्टर, म्हातारी अर्धीच भाकर खाती. उष्टं टाकायची सवय नव्हती तिला." तोवर नळी निघाली होती. आम्ही ताट पाहिलं. ताटाच्या डाव्या अर्ध्यातलं सगळं संपलेलं, उजवीकडचं तसंच. आजींना उजवीकडचं दिसतच नव्हतं. डोळे चांगले असतात, पण दिसलेलं समजून घेणारा मेंदूचा भाग गेलेला असतो. ताट फिरवलं की उरलेली भाकरही खाल्ली. उजवा मेंदू गेलेल्या काही माणसांचं याहून वेगळं असतं. त्यांना डावी बाजू आहे याचंच भान नसतं, स्वतःच्या हाताला ते दुसऱ्याचा हात म्हणतात. लोकांना वाटतं भ्रम झाला, बाहेरचं झालं. बाहेरचं काही नाही. पाण्याचा तांब्या, काठी, हाक मारायची घंटी ही दिसणाऱ्या बाजूला ठेवा. बोलायला, हात धरायला मात्र मधूनमधून न दिसणाऱ्या बाजूनं जा, नाव घेऊन, म्हणजे मान तिकडं वळते.

बोलणं गेलं म्हणजे अक्कल गेली असं नाही. डाव्या मेंदूच्या लकव्यात शब्द सापडत नाहीत, पण पुष्कळांना समोरचं बरंच कळत असतं. अशा माणसाशी ओरडून बोलतात, जणू बहिरा आहे. त्याच्याच खाटेशी बसून "आता काही खरं नाही" म्हणतात. तो ऐकतो. एका वेळी एक प्रश्न विचारा, हो-नाही उत्तर येईल असा, आणि उत्तराला वेळ द्या. नातीनं वहीच्या पुठ्ठ्यावर पाणी, भाकर, लघवी, दुखतंय, अशी चित्रं काढली. आजी डाव्या बोटानं दाखवायच्या. रडू वारंवार येतं, कधी कारण नसताना. तोही आजाराचा भाग असतो, त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

आता संवेदनेचं. बधिर अंगाला चटका कळत नाही. थंडीत विटेचा शेक दिला आणि कातडी सोलून निघाली, असं आम्ही एकाच हंगामात दोन घरांत पाहिलं. शेक देऊच नका. अंघोळीचं पाणी आपल्या कोपरानं पाहा. जुनी साखर असलेल्या माणसाच्या तळपायाचंही हेच. आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही, आणि काहीच नाही ही सगळ्यांत वाईट अवस्था. काटा रुतलेला कळत नाही. ऊसतोडीच्या फडात अनवाणी वावरणाऱ्याला तर नाहीच. रोज रात्री तळवे आरशात पाहा, बोटांच्या बेचकी कोरड्या ठेवा, कुरूप ब्लेडनं कापू नका. मऊ तळाच्या एमसीआर चपला मिळतात, त्या वापरा. अंगावर फिकट किंवा तांबूस बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि वेळेवर घेतलं तर व्यंग टळतं.

बाबासाहेबांना हेच दुखणं होतं, हे आपल्यातल्या किती जणांच्या ध्यानात असतं? मधुमेह, त्यातून पायांच्या नसांची असह्य वेदना, आणि शेवटच्या वर्षांत मंदावलेली नजर. चालायला आधार लागायचा. 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला, त्यामागं तब्येत हे मोठं कारण होतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आपण विझता विझता वाचलो याचं श्रेय त्यांनी पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिलं. 1957 च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही. शेवटच्या रात्री नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. आपण बाबासाहेबांची पुस्तकं आठवतो, भाषणं आठवतो. ते लिहिते राहावेत म्हणून इन्शुलिन, पथ्य, पाय यांच्याकडं रोज पाहणारे हात आठवत नाहीत. माईसाहेबांबद्दल आपल्यात बरंच वेडंवाकडं बोललं गेलं, तेव्हा ही शुश्रूषा हिशेबात धरली गेली नाही, असं आमचं मत आहे.

शुश्रूषा हे हलकं काम, घाणीचं काम, म्हणून पाहिलं जातं. आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ मुली नर्सिंगला गेल्या, घरं उभी केली, आणि तरी लग्नाच्या बैठकीत "रात्रपाळी असते का?" असं विचारलं जातं. असो.

पाडव्याच्या सुमारास सून फडावरून परतली. पिशव्या दारात ठेवल्या आणि आधी सासूला कुशीवर करून पाठ पाहिली. डाग गेला होता. हात मात्र फारसा परतला नव्हता, बोलण्यात तीन-चार शब्द आले होते. नातीची शाळा आठवड्यातून दोन दिवस बुडत राहिली. ते पूर्ण थांबवणं आम्हाला जमलं नाही.

कागदांचं सांगून ठेवतो. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा अहवाल आणि फिल्म एका पिशवीत ठेवा, फिल्म उन्हात ठेवू नका. उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी भरती होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडं करा. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार धरले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. दाखला मिळाला की संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये द्या. आजींना जीपमध्ये गादी टाकून नेलं, दाखला मिळाला. पुढं खातं काढताना एका बँकेत उजवाच अंगठा हवा म्हणून अडवलं. उजवा हात उचलत नाही म्हणूनच तर हा दाखला आहे, असं आमच्या सिस्टरनं दाखला पुढं करून तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा डावा घेतला.