सजवलेल्या ट्रकचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण कौतुकाने म्हणतो. अमेरिकेत प्रदर्शनासाठी सजवलेला पिकअप ट्रक विकायला काढणाऱ्यास मात्र या वाक्याचा दुसरा, बाजारी अर्थ लवकरच उमगतो.

शेवरोलेचे एस-१० किंवा १९८८ ते १९९८ या काळातील सी-१५००, तसेच टोयोटा, निसान, माझ्दाचे छोटे ट्रक हे या छंदाचे आवडते साहित्य. मूळ स्प्रिंगा काढून तेथे हवेच्या रबरी पिशव्या बसविल्या जातात. बटण दाबले की हवा सुटते आणि ट्रक खाली बसतो. मागचा एक्सल चॅसीवर आदळू नये म्हणून चॅसीला तेथे खाच कापावी लागते. त्याहून धाडसी प्रकार म्हणजे तळाचा पत्रा कापून संपूर्ण केबिनच चॅसीवर काही इंच खाली उतरविणे. दारांच्या मुठी काढून भोके बुजवितात व दारे रिमोटने उघडतात. हौद्यात हवेची टाकी आणि कॉम्प्रेसर येतो. परिणामी, ज्या ओझ्यासाठी ट्रक जन्मला, ते ओझेच त्याला वाहता येत नाही.

विक्रीची अडचण येथूनच सुरू होते. ५ हजार डॉलरच्या ट्रकवर ३० हजार खर्च झाले असे समजा. बँक कर्ज देताना त्या वर्षाच्या साध्या ट्रकचा बाजारभाव पाहते; रंगकाम आणि पत्राकाम तिच्या हिशेबात जवळपास नसतेच. ग्राहक म्हणून रोख रकमेचा धनी हवा, शिवाय त्याची आवडही तीच हवी. जांभळ्या रंगावरच्या ज्वाळा मालकाला प्राणप्रिय असतील. घेणाऱ्याला त्या खरवडून काढण्याचा खर्च दिसतो. एकेकाळी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकणे हे ट्रकचे प्रशस्तिपत्र असे. डिसेंबर २०१९ मध्ये ‘ट्रकिन’सह १९ मोटार-मासिकांची छपाई थांबविण्याचा निर्णय प्रकाशकांनी जाहीर केला, जुनी कात्रणे मात्र विक्रेते अजूनही दाखवितात.

जाणता ग्राहक झगमगाटाला भुलत नाही. तो गाडीखाली आडवा होऊन कापलेल्या चॅसीवरची वेल्डिंग पाहतो, वायरिंग तपासतो, रात्रभरात हवा उतरते का हे विचारतो. काम सुरू असतानाची छायाचित्रे आणि बिले येथे चषकांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. मालकीपत्रावर अपघातानंतर पुन्हा बांधलेली गाडी असा शेरा असेल, तर भाव चांगलाच कोसळतो.

कागदांच्या बाबतीत आपल्याकडचा नियम अधिक कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. अमेरिकेतील हा छंद पाहून पुण्या-मुंबईत तसाच ट्रक बांधू पाहणाऱ्याने विक्रीचा विचार आधी केलेला बरा.

लिलाव हा एक मार्ग आहे, पण किमान किमतीची अट न घालता गाडी उभी केली, तर त्या दिवशीची शेवटची बोली मुकाट्याने स्वीकारावी लागते, वर लिलावगृहाचे कमिशन वेगळे. म्हणून अनेक मालक अखेर दुसरा रस्ता धरतात. चाके एकाला, ध्वनियंत्रणा दुसऱ्याला, हवापिशव्या तिसऱ्याला. सुटे भाग विकून पुष्कळदा अखंड ट्रकपेक्षा जास्त पैसे हाती येतात. गॅरेजच्या कोपऱ्यात मूळ स्प्रिंगा जपून ठेवलेल्या असल्या, आणि चॅसी फार कापलेली नसली, तर त्या पुन्हा चढवून उरलेला ट्रक साधा ट्रक म्हणून विकला जातो.