घोरणं नव्हे, गुदमरणं

2003 साली हच मोबाइलच्या जाहिरातीतला पग घराघरांत लाडका झाला आणि चपट्या नाकाची कुत्री जयपूरसारख्या शहरांतही हौसेने पाळली जाऊ लागली. मे महिन्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो. चिंचोळ्या नाकपुड्या आणि लांब, जाड मऊ टाळू यांनी श्वासाची वाटच अडवली, तर धापाही पुऱ्या पडत नाहीत. या विकाराला ‘बोआस’ म्हणतात. अशा कुत्र्यासाठी जयपूरचा उन्हाळा जीवघेणा ठरू शकतो.

दुखणं आवाजातूनच कळतं. मऊ टाळू थरथरला की खर्जातला, घोरल्यासारखा आवाज येतो. स्वरयंत्राशी अडथळा असला की तो उंच, शिट्टीसारखा होतो. पण मालक याला ‘गोड सवय’ समजतात. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या 2012 च्या पाहणीत, हा त्रास असलेल्या कुत्र्यांच्या 58 टक्के मालकांनी श्वासाची काहीच तक्रार नसल्याचं सांगितलं होतं.

म्हणूनच केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी बसवलेली चाचणी महत्त्वाची. डॉक्टर आधी स्टेथोस्कोपने गळ्याशी श्वास ऐकतात, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून पुन्हा ऐकतात. विश्रांतीत दबलेला अडथळा श्रमाने उघडा पडतो. त्यावरून शून्य ते तीन अशी श्रेणी ठरते. ब्रिटनच्या केनेल क्लबने 2019 पासून ही पद्धत बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि पगसाठी राबवली. तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीच्या कुत्र्यांची पैदास करू नये, असा क्लबचा सल्ला आहे.

मात्र सौम्य आवाजावर दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप तो आवाज साठवतो. संगणक त्याचा आलेख काढतो आणि कोणत्या क्षणी कोणती कंपनं वाढली, हे डोळ्यांना दिसतं. केंब्रिजच्याच संशोधकांनी 2024 मध्ये सुमारे 800 कुत्र्यांच्या हृदयाचे आवाज संगणकाला ऐकवले. हृदयात मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज) असलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के कुत्री त्याने ओळखली. श्वासाच्या आवाजासाठीही हीच वाट मोकळी आहे.

जयपूरच्या जामडोलीत पशुवैद्यकशास्त्राची पदव्युत्तर शिक्षण व संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी आपल्या हवेतल्या, आपल्याकडच्या कुत्र्यांचे श्वास नोंदवले जायला हवेत. आणि घोरणारा पग पाळणाऱ्याने त्याचा आवाज मोबाइलवर टिपून, ऊन तापण्याआधीच डॉक्टरांना ऐकवावा. नाकपुड्या रुंद करणारी किंवा टाळू आखूड करणारी शस्त्रक्रिया वेळेत झाली, तर बऱ्याच कुत्र्यांचा श्वास सुकर होतो.