दप्तराची राखीव प्रत आणि दुसरे नेटवर्क कार्ड

व्यापाऱ्याची पत त्याच्या दप्तरावर उभी असते, हे आपल्या सभासद बंधूंस निराळे सांगावयास नको. रोजकीर्द, खतावणी व मालाची नोंद पूर्वी लाल कापडाच्या वह्यांत होत असे. आता ती पेढीच्या मागील खोलीतील सर्व्हरमध्ये होते. वही बदलली, तथापि जोखीम कमी झाली नाही. एखादी डिस्क निकामी झाली, अथवा कोणा खंडणीखोराने दुरूनच दप्तरास कुलूप ठोकले, तर कित्येक वर्षांचे येणे-देणे एका रात्रीत दिसेनासे होते. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे राखीव प्रत, अर्थात बॅकअप.

कायद्यानेही ही गोष्ट केवळ मर्जीवर सोडलेली नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ यांतील ५७ व्या नियमान्वये इलेक्ट्रॉनिक दप्तराची प्रत अशा रीतीने जपावयाची असते की, अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ दप्तर नष्ट झाल्यास ते वाजवी मुदतीत पुन्हा उभे करता यावे. ज्या पेढ्यांनी कंपनीचे रूप घेतले आहे, त्यांना तर २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या पुस्तकांची प्रत दररोज, भारतातीलच सर्व्हरवर ठेवावी लागते.

अडचण येते ती वेळेची. साध्या गिगाबिट कार्डातून सेकंदास १००० मेगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाइट माहिती जाऊ शकते. प्रत्यक्षात ११० च्या आसपास हाती पडते. या हिशेबाने १ टेराबाइट माहितीस सुमारे अडीच तास, आणि ४ टेराबाइटला १० तास लागतात. रात्री ९ वाजता बंद होऊन सकाळी ७ वाजता उघडणाऱ्या पेढीची रात्र नेमकी तेवढीच असते. रोज केवळ बदललेला भाग घेतल्यास काम थोडक्यात आटोपते हे खरे. परंतु पूर्ण प्रत घेण्याची रात्र केव्हा ना केव्हा येतेच. त्या दिवशी सकाळी गल्ल्यावरील संगणक संथ चालू लागतात, कोणीतरी कंटाळून चालू काम मध्येच थांबवितो, आणि अर्धवट प्रत पूर्ण समजून बाजूस ठेवली जाते. असली प्रत नसलेल्या प्रतीहून अधिक घातक, कारण तिच्या भरवशावर मालक निर्धास्त राहतो.

अशा वेळी सल्ला मिळतो की, सर्व्हरला दुसरे कार्ड बसवा म्हणजे वेग दुप्पट होईल. कार्डे एकत्र जोडण्याची पद्धत २००० साली प्रमाणित झाली असून ती उपयुक्तही आहे. मात्र तिचा नियम ध्यानात घ्यावयास हवा. दोन यंत्रांमधील एका संभाषणास ती एकच वाट नेमून देते, कारण माहितीचे तुकडे दोन वाटांनी गेले तर त्यांचा क्रम बिघडण्याचा संभव असतो. गोदामास दोन दरवाजे असले, तरी एका बिलाचा माल एकाच दरवाज्याने काढावयाचा, म्हणजे गोणींची मोजणी चुकत नाही, असा दंडक असावा, तसेच हे आहे. दहा गिऱ्हाइके आली तर दोन्ही दरवाजे चालतील. गिऱ्हाईक एकच असेल तर दुसरा दरवाजा रिकामाच राहील. सबब एका सर्व्हरवरून एकाच पेटीत एकाच धारेने प्रत घेणाऱ्यास दुसऱ्या कार्डाचा लाभ बहुधा होत नाही.

मग कार्ड घ्यावे केव्हा? अनेक संगणकांच्या प्रती एकाच वेळी घ्यावयाच्या असतील, तर जोडलेली कार्डे खरोखर उपयोगी पडतात. एकच सर्व्हर असेल, तर विंडोज सर्व्हर २०१२ पासून मिळणारी एसएमबी मल्टीचॅनल ही सोय पाहावी. ती एकाच फाइलचे काम अनेक वाटांवर वाटून देते व क्रमही सांभाळते. मात्र दोन्ही टोकांस ती सोय व तेवढी कार्डे असली पाहिजेत. तिसरा मार्ग म्हणजे दुसरे कार्ड बॅकअपसाठीच राखून त्यास निराळी केबल व निराळी पत्त्यांची मालिका देणे. याने वेग दुप्पट होत नाही, पण प्रत आणि गल्ल्यावरील काम यांची वाट वेगळी होते. पुष्कळदा दोन कार्डांपेक्षा एकच वेगवान कार्ड सोयीचे ठरते. २०१६ साली प्रमाणित झालेले अडीच गिगाबिटचे कार्ड जुन्या कॅट ५ई केबलवरही १०० मीटरपर्यंत चालते. १० गिगाबिटसाठी तेवढ्याच अंतरास कॅट ६ए केबल लागते. अर्थात दोन्ही टोके व मधला स्विच हेही त्याच वेगाचे हवेत.

परंतु पैसे खर्च करण्यापूर्वी कामाच्या वेळी कार्डातून किती माहिती जात आहे हे तपासावे. आकडा ११० च्या जवळ असेल तर वाट खरोखरच अपुरी आहे. तो ४० वर अडला असेल, तर दोष कार्डाचा नव्हे. जुन्या यूएसबी २.० जोडणीवरील डिस्क साधारण तेवढीच माहिती घेते, आणि लाखो बारीक फाइली असल्यास फिरती डिस्क याहूनही मंद होते. गल्लीचे तोंड अरुंद असता हमरस्ता रुंद करून काय उपयोग?

शेवटी एक विनंती. वेग कितीही वाढो, अधूनमधून प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करून पाहावे, आणि एक प्रत जाळ्यापासून अलग, पेढीबाहेर ठेवावी. मोजून न घेतलेला माल जसा जमेस धरीत नाहीत, तशी पडताळून न पाहिलेली प्रतही जमेस धरू नये.