प्रौढ स्वमग्न व्यक्ती : दैनंदिन जीवनातील काही व्यावहारिक बाबी

प्रस्तावना :
लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केलेले स्वमग्नतेचे वर्णन अकरा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेले होते. पुढे हा केवळ बालपणीचा प्रश्न मानण्याचीच प्रवृत्ती राहिली. वस्तुतः स्वमग्नता आयुष्यभर सोबत असते. किंबहुना कित्येकांचे निदान तिशी-चाळिशीत, स्वतःच्या अपत्याचे निदान झाल्यानंतरच होते.

संवेदनांचा भार :
प्रौढ स्वमग्न व्यक्तीच्या अडचणींचे मूळ पुष्कळदा बुद्धीत नसून संवेदनांच्या भारात असते. लोकलमधील गर्दी, ट्यूबलाइटची थरथर, कुकरची शिट्टी, मंगल कार्यालयातील ध्वनिवर्धक यांचा ताण दिवसभर साचत जातो. संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून होणारा उद्रेक अथवा अबोला हा त्या साठ्याचा परिणाम असतो. घरची माणसे मात्र त्याला स्वभावदोष समजतात. म्हणून प्रथम आठवडाभर कोठे, केव्हा व कशाने थकवा आला याची नोंद ठेवावी आणि त्यांतील एकेक कारण कमी करीत जावे. गर्दीची वेळ टाळून निघणे, कानांत बोळे घालणे, जेवणाच्या सुट्टीत काही मिनिटे एकांतात बसणे, समारंभास जाण्यापूर्वीच परतण्याची वेळ सांगून ठेवणे, हे उपाय साधे आहेत. यांतील शेवटचा उपाय नातलगांना उद्धटपणाचा वाटतो. तथापि असह्य होऊन मध्येच निघून जाण्यापेक्षा तो सर्वांनाच सोयीचा होय.

कामाचे ठिकाण :
‘जरा बघून घ्या’, ‘लवकर द्या’ अशा सूचनांतील अध्याहृत अर्थ स्वमग्न कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. काय, किती व कोणत्या तारखेपर्यंत, हे त्याने निःसंकोच विचारावे. सूचना तोंडी मिळाल्यास आपणच दोन ओळींचा ई-मेल पाठवून खात्री करून घ्यावी. नंतर दोष कोणाचा, हा वादही त्यामुळे टळतो.

कायदा व प्रमाणपत्र :
१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत तो झाला. शासकीय नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अस्खलित बोलणाऱ्या, पदवीधर व्यक्तीला मंडळापुढे आपली अडचण पटवून देणे कठीण जाते. निदानासाठी लक्षणे बालपणापासून असल्याचे दिसावे लागते. सबब शाळेची जुनी प्रगतिपुस्तके आणि आईवडिलांनी लिहून दिलेल्या आठवणी तपासणीस बरोबर न्याव्यात. आईवडील वृद्ध होण्यापूर्वीच हे लेखी घेतलेले बरे. टक्केवारी ४० पेक्षा कमी भरली तरी सर्वच हक्क संपत नाहीत. शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी देण्याचे बंधन कलम २० मध्ये आहे व त्यास ४० टक्क्यांची अट नाही. शांत कोपऱ्यातील टेबल किंवा लेखी सूचना यांची मागणी याच कलमाच्या आधारे अर्ज देऊन करता येते. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करावे लागते. रुजू होतानाच त्याची प्रत मागून घ्यावी.