मुलूख जुना, माल नवा

एखादा माल बाजारात नावाजला की कारागिरापुढे खरी अडचण उभी राहते ती पुढच्या मालाची. हुबेहूब तोच काढला तर गिऱ्हाईक विचारते, यात नवे काय? सगळेच बदलले तर विचारते, आमचा जुना माल कुठे गेला? हा पेच फक्त कोल्हापूरच्या चप्पल लाईनचा नाही. आपली मुले ज्यात रमतात त्या व्हिडिओ गेमच्या धंद्यालाही तो चुकलेला नाही. हा धंदा आता परकाही राहिला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला आणि २०२५ मध्ये त्याच्या पुढच्या भागाची घोषणा केली.

या पेचाचे उत्तम उदाहरण मात्र जपानचे आहे. तेथील निंटेंडो कंपनीने मार्च २०१७ मध्ये 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ आणला. यात ठरलेला रस्ता नाही. डोंगर, नदी, वाळवंट असा अख्खा मुलूख मोकळा. खेळणाऱ्याने हवे तिकडे जावे. जगभर वाहवा झाली, पण एक तक्रार सतत येत राहिली. हातातली तलवार थोड्याच वारांत मोडते!

दुसरा भाग, 'टियर्स ऑफ द किंगडम', मे २०२३ मध्ये आला. मुलूख तोच ठेवला. वर तरंगती बेटे, खाली अंधारी दुनिया आणि डोंगरांत गुहा वाढवल्या. हत्यारे मोडणे बंद केले नाही. उलट काठीला दगड जोडा, बाणाला हवी ती वस्तू लावा, अशी सोय दिली. जी तक्रार होती तीच खेळाची गंमत झाली. मार्च २०२२ मध्ये कंपनीने विक्रीची तारीख पुढच्या वर्षावर ढकलली. खेळ तेव्हा जवळपास तयार होता. तो वेळ तपासणीत घालवला. अमेरिकेत किंमत ६० वरून ७० डॉलर केली, तरी पहिल्या तीन दिवसांत जगभर एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

उलट उदाहरणही आहे. युबिसॉफ्ट कंपनीचा २०१३ चा 'ब्लॅक फ्लॅग' गाजला होता. त्याच मालिकेतला २०१४ चा 'युनिटी' मात्र इतक्या दोषांसह बाजारात आला की कंपनीला जाहीर माफी मागून जोडभाग फुकट वाटावा लागला.

आमच्या कारागीर बांधवांनी यातून काय घ्यावे? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची करकर, वेणी, कातड्याचा रंग हा आपला जुना मुलूख. त्याला हात लावू नये. पण नवी चप्पल पायाला चावते, पावसात टिकत नाही, ही गिऱ्हाइकाची जुनीच कुरकुर आहे. नवा नमुना तिथून सुरू व्हावा. दोन-चार जोड आधी ओळखीच्यांना वापरायला द्यावेत, मगच दुकानात मांडावेत. सणाच्या घाईत कच्चा माल विकला तर एका हंगामाची कमाई होते, पण वर्षानुवर्षांचे नाव जाते.

तक्रार घेऊन परत येणारे गिऱ्हाईक आपल्याला पुढचा माल सांगत असते. त्याला आधी बसायला जागा द्यावी.