अहेव मरणाची ओवी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांत दहाव्याला नदीकाठी प्रवचन ठेवायची रीत आहे. काठ घोडनदीचा असो की भीमेचा. पिंड मांडून घरची माणसं कावळा शिवायची वाट बघत असतात आणि जमलेल्या सोयऱ्याधायऱ्यांना प्रवचनकार तुकोबांचा अभंग सोडवून सांगत असतात. सार एकच, जन्माला आला तो जाणार. एरवी कवितेच्या वाटेला न जाणारा माणूसही मरणावरची कविता इथे मांडी घालून ऐकतो.

या प्रवचनांमागची शिदोरी मोठी आहे. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात माउली जन्ममरणाला सूर्याच्या उगवण्या-मावळण्याशेजारी बसवतात. जे कुणाला अडवता येत नाही, त्याचा शोक कशाला? समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकातला नववा समास अख्खा मृत्यूला दिला. राजा, पंडित, धनवंत असा एकेक जण पुढे उभा करून मृत्यू कुणाचीच भीड धरत नाही, हे ते ऐकवत जातात. तुकोबांनी तर हे घरातच सोसलं. १६३०च्या दुष्काळात त्यांची थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. जिवंतपणीच स्वतःच्या मरणाला साक्षी राहिल्याचं ते सांगतात, तेव्हा त्यामागे हे भोगलेलं असतं. दरवर्षी त्यांची पालखी यवत आणि वरवंडचा मुक्काम करत दौंड तालुक्यातून पुढे सरकते.

पण याच मुलखात मरणाची आणखी एक कविता होती. ती बायकांची, म्हणून प्रवचनात तिला जागा नाही.

पहाटे जात्याला दोघी समोरासमोर बसायच्या. एकीने खुंट्याला हात घालून ओवी काढायची, दुसरीने ती उचलायची, आणि मूठमूठ बाजरी जात्याच्या तोंडात पडत राहायची. ऐकायला पुरुष नाही, सासू झोपलेली. जे दिवसा बोलायची सोय नव्हती, ते या वेळी बाहेर पडायचं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. आज हा ठेवा ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो.

या संग्रहात अहेव मरणाच्या ओव्या आहेत. अहेव मरण म्हणजे नवरा हयात असताना आलेलं मरण. बाई मरणाला नको म्हणत नाही, फक्त अट घालते, की ते नवऱ्याच्या आधी यावं. मग पुढचं सगळं ती डोळ्यांसमोर लावून घेते. हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा, कपाळभर मळवट, ओटीत खण-नारळ. माहेराहून भाऊ शेवटचं लुगडं घेऊन येणार आणि तो पोचल्याशिवाय तिरडी उचलायची नाही. जन्मभर दाराआड वावरलेली बाई त्या दिवशी भर गावातून, सगळ्यांच्या देखत जाणार. भा. रा. तांबे आपल्या कवितेत, आपल्यामागे लोक घटकाभर हळहळतील आणि आपापल्या कामाला लागतील, हे समजुतीने मान्य करतात. ओवीतल्या बाईला तेवढी घटकाच हवी असते. तेवढ्यापुरतं तरी गावाने तिच्याकडे बघावं.

मला हा स्वीकार संतांच्या वैराग्याइतकाच खोल वाटतो. तरी त्याचं नुसतं कौतुक करून थांबणं मला बरोबर वाटत नाही. नवऱ्याआधी मरायची ही आस धाकातून आलेली आहे. मागे राहिली तर कुंकू पुसणार, बांगड्या फोडणार, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद, लेकीच्या लग्नातही मागेच उभं राहायचं. आपलं मरण बाईने केव्हाच पचवलं होतं. नवऱ्यामागे उरणं तिला पचत नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या गोष्टी त्या ठरावाने थांबवायच्या ठरवल्या. ओवीतली बाई याच गोष्टींना भिऊन देवाकडे आधीचं मरण मागत होती. दहाव्याच्या प्रवचनात मरण अटळ असल्याचं सांगणाऱ्यांनी, मागे राहिलेल्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसणं अटळ नाही, हेही त्याच मांडवात सांगावं. तिथे ती बाई समोरच बसलेली असते आणि तिचा भाऊही.

गिरणी आली आणि जातं लग्नात हळद दळण्यापुरतं उरलं. ओव्या मात्र सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बायकांना अजून येतात. तुमच्या घरी, गल्लीत, वस्तीवर अशी आजी असेल तर तिला म्हणायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तिचं नाव, गाव आणि माहेरही तिला विचारून सोबत लिहा. दिवाळीच्या दिवसांत मरणाची ओवी ती म्हणणार नाही, सणाला असलं काढू नये म्हणेल. भाऊबीज होऊ द्या आणि मग विचारा.